मंदीत दूरसंचार कंपन्यांनी तग कसा धरावा? गोव्यातील वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाइल कंपन्यांचे दर, टॉवर आणि कर्जे यांविषयी गोव्यातील वाचकांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रस्तुत लेखकाने काही वर्षे उत्तर गोव्यात टॉवर-देखभालीच्या कंत्राटात काम केले असल्यामुळे काही उत्तरांत हिशेबाच्या वहीपेक्षा डिझेलचा वास अधिक आहे, तो वाचकांनी चालवून घ्यावा.

मंदीत लोक फोनचा खर्च कमी करतात का?

करतात, पण फार उशिरा करतात. घरातील उत्पन्न घटले की बाहेरचे जेवण, नवी दुचाकी, सहल आणि कपडे हे खर्च आधी थांबतात. रिचार्ज मात्र चालू राहतो, कारण बँकेचा ओटीपी, गॅसची नोंदणी, मुलांचा अभ्यास आणि नोकरीचा शोध हे सगळे त्याच क्रमांकावर अवलंबून असते. गोव्यात हे दोनदा जवळून पाहता आले. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणकाम थांबले आणि पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केल्यावर ते पुन्हा बंद पडले. तेव्हा सावर्डे, कुडचडे आणि साखळीच्या परिसरात ट्रक अंगणात उभे राहिले आणि बँकेचे हप्ते थकले, तरी रिचार्जच्या दुकानात माणसे येतच होती. फरक पडला तो रकमेत. पूर्वी एकदम मोठे पॅक मारणारा ट्रकमालक लहान मुदतीच्या पॅकवर आला आणि घरातील दुसरे सिमकार्ड गुपचूप बंद झाले.

महसुलाची खरी गळती सामान्य ग्राहकाकडून कमी आणि इतर ठिकाणांहून अधिक होते. कार्यालये आपल्या भाडेतत्त्वावरील जोडण्या कमी करतात, हॉटेले इंटरनेटचा वेग उतरवतात, रोमिंगचे पैसे येईनासे होतात आणि नवे हँडसेट घेणे लांबणीवर पडल्यामुळे ग्राहक वरच्या दराच्या पॅककडे सरकत नाहीत.

मग मागणी इतकी टिकाऊ असताना कंपन्या बुडतात तरी कशा?

कर्जाने. या धंद्यात खर्च आधी होतो आणि उत्पन्न वीस वर्षे थेंबाथेंबाने येते. स्पेक्ट्रम (म्हणजे सरकारकडून लिलावात घेतलेल्या रेडिओ लहरी), टॉवर, फायबर आणि उपकरणे यांचा पैसा सुरुवातीलाच ओतावा लागतो. ग्राहक दहा टक्क्यांनी घटले म्हणून टॉवरची वीज दहा टक्क्यांनी घटत नाही.

समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब पाहू. कंपनीला १०० रुपये मिळतात, त्यांपैकी ६० रुपये रोजच्या चालवण्यात जातात आणि उरलेल्या ४० रुपयांतून ३० रुपये व्याज व हप्त्यांचे द्यावे लागतात, म्हणजे हातात १० रुपये राहतात. आता मंदीमुळे उत्पन्न ९२ रुपयांवर आले आणि चालवण्याचा खर्च कसाबसा ५९ रुपयांपर्यंत खाली आणता आला, तर ३३ रुपये उरतील. त्यांतून तेच ३० रुपये गेले की शिल्लक ३ रुपये. उत्पन्न आठ टक्क्यांनी घटले आणि शिल्लक सत्तर टक्क्यांनी. हप्ते २० रुपयांचे असते, तर त्याच मंदीत १३ रुपये उरले असते. मंदी दोन्ही कंपन्यांवर सारखीच आली, पण एकीने आधी कर्ज कमी घेतले होते, एवढाच फरक.

इतिहासही हेच सांगतो. सन २००० मध्ये युरोपात थ्रीजी स्पेक्ट्रमचे लिलाव झाले. ब्रिटनमध्ये सुमारे २२.५ अब्ज पौंड आणि जर्मनीत सुमारे ५० अब्ज युरो मोजले गेले, आणि वर्षभरात बाजार कोसळल्यावर तेच बोजे कंपन्यांच्या मानेवर बसले. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतील वर्ल्डकॉमने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या बाबतीत खोट्या हिशेबाचाही मोठा वाटा होता, हे नमूद केले पाहिजे. आपल्याकडे २०१६ नंतरच्या दरयुद्धात एअरसेल आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स या कंपन्या नादारीच्या प्रक्रियेत गेल्या. त्या काळात देशातील लोक फोनवर कमी बोलत नव्हते, उलट डेटाचा वापर कित्येक पटींनी वाढत होता.

एजीआर म्हणजे काय आणि त्याचा मंदीशी संबंध काय?

एजीआर म्हणजे समायोजित सकल महसूल. या रकमेवर कंपन्या सरकारला परवाना शुल्क देतात. त्याचा दर आठ टक्के असून त्या आठांपैकी पाच टक्के पूर्वीच्या सार्वत्रिक सेवा निधीत, म्हणजे आताच्या डिजिटल भारत निधीत जातात. व्याज, लाभांश किंवा भाडे असे दूरसंचाराबाहेरचे उत्पन्न या रकमेत धरायचे की नाही, हा वाद वर्षानुवर्षे चालला. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि परवाना शुल्क व स्पेक्ट्रम वापर शुल्क मिळून सुमारे १.४७ लाख कोटी रुपयांची देणी समोर आली. पाच महिन्यांत कोविडची टाळेबंदी लागली.

वादग्रस्त देण्यासाठी चांगल्या काळात तरतूद करून ठेवली नाही, तर ते देणे नेमके वाईट काळात दारात उभे राहते. निकाल आपल्याच बाजूने लागेल असे गृहीत धरून ताळेबंद सजवणे हा या क्षेत्राचा जुना रोग आहे.

सरकारने हप्ते पुढे ढकलले की कंपनी सुटते का?

सुटत नाही, तिला फक्त वेळ मिळतो. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने एजीआरची थकबाकी दहा वर्षांत फेडण्याची मुभा दिली. १५ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने जाहीर केलेल्या सवलतींत एजीआर आणि स्पेक्ट्रमच्या हप्त्यांना चार वर्षांची स्थगिती मिळाली, बँक हमीची रक्कम उतरली, दूरसंचाराबाहेरचे उत्पन्न पुढील काळासाठी व्याख्येतून वगळले गेले आणि स्पेक्ट्रमची मुदत पुढील लिलावांसाठी वीसवरून तीस वर्षे झाली. हे सगळे उपयोगाचे होते. पण स्थगितीच्या काळात व्याजाचे मीटर चालूच राहते.

व्होडाफोन आयडियाच्या बाबतीत फेब्रुवारी २०२३ मध्ये १६,१३३ कोटी रुपयांच्या व्याजाचे आणि एप्रिल २०२५ मध्ये ३६,९५० कोटी रुपयांच्या स्पेक्ट्रम देण्याचे समभागांत रूपांतर झाले आणि सरकारचा वाटा जवळपास ४९ टक्क्यांवर पोहोचला. स्थगिती संपण्याच्या दिवशी पैसा कोठून येणार याचे उत्तर स्थगिती घेतानाच लिहून ठेवावे लागते, नाहीतर कर्जाच्या जागी मालकी द्यावी लागते. भागधारकांना हा सौदा महाग पडतो. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र तिसरी खासगी कंपनी जिवंत राहणे भल्याचेच आहे.

रोख रकमेबाबत व्यवस्थापनाने नेमके काय करावे?

परतफेडीच्या तारखा एकाच वर्षात साचू देऊ नयेत. बँका दारात उभ्या असतात तेव्हा दीर्घ मुदतीचे कर्ज घ्यावे, कारण मंदीत तीच बँक फोन उचलत नाही. उपकरणांची बिले बहुधा डॉलरमध्ये असतात आणि महसूल रुपयांत असतो, म्हणून विनिमय दराचा विमा उतरवण्याचा खर्च कितीही टोचला तरी सोडू नये. पुरवठादाराची तब्येतही तपासावी. जानेवारी २००९ मध्ये नॉर्टेलसारखी मोठी उपकरण कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिची यंत्रणा वापरणाऱ्यांना सुट्या भागांची आणि दुरुस्तीची चिंता लागली.

मंदीत दर कमी करावेत की वाढवावेत?

कमी करण्याचा मोह मोठा असतो. २००८ च्या जागतिक संकटानंतर लगेच, जून २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला आणि काही महिन्यांत बाकीच्यांनाही त्याच वाटेने जावे लागले. ग्राहक खूश झाला. पण ज्या कंपन्यांनी तेव्हा एकमेकींचे गळे कापले, त्यांपैकी बऱ्याच आज अस्तित्वात नाहीत, आणि डोकोमोचा मोबाइल व्यवसायही शेवटी एअरटेलमध्ये गेला.

उलट बाजूने डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि जुलै २०२४ या तीन वेळा दर वाढवले गेले. जुलै २०२४ च्या वाढीनंतर एअरटेलचा ग्राहकामागे मिळणारा मासिक महसूल एका तिमाहीत २११ रुपयांवरून २३३ रुपयांवर गेला. त्याच तिमाहीत जिओचे एक कोटीहून अधिक ग्राहक कमी झाले आणि बीएसएनएलकडे काही काळ ओघ लागला. म्हणजे दरवाढ पचते, पण फुकट पचत नाही. जे गेले त्यांत दुसरे-तिसरे सिम बाळगणारे बरेच असतात, म्हणून हिशेबात ती हानी दिसते तेवढी मोठी नसते.

मंदीत मूळ दर स्थिर ठेवावा आणि खालच्या पायरीवर एक प्रामाणिक स्वस्त पॅक ठेवावे, असे आमचे मत आहे. 'प्रामाणिक' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. २८ दिवसांचे पॅक हे मासिक पॅक म्हणून विकले जाते, पण २८ गुणिले १३ म्हणजे ३६४, आणि ग्राहक वर्षाला बारा नव्हे तर तेरा वेळा पैसे भरतो. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०२२ मध्ये किमान एक ३० दिवसांचे पॅक ठेवणे बंधनकारक केले, ते अशाच तक्रारींमुळे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला हा हिशेब तोंडपाठ असतो. तिच्यासमोर चलाखी करून कंपनी फार काळ विश्वास टिकवू शकत नाही.

खर्चात कपात कोठे करावी आणि कोठे मुळीच करू नये?

आधी जेथे करावी ते सांगतो. टॉवरचा सर्वांत चिवट खर्च विजेचा आणि डिझेलचा असतो. जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांच्या जागी लिथियम बॅटऱ्या बसवणे, वातानुकूलित खोली काढून उघड्यावर चालणारी उपकरणे लावणे, रात्री वापर घटल्यावर टॉवरवरील काही वाहक लहरी (सिग्नल नेणाऱ्या रेडिओ लहरी) आपोआप बंद ठेवणे आणि जनरेटरचे तास कमी करणे, यांतून होणारी बचत ग्राहकाला जाणवतही नाही. दोन कंपन्यांनी एकाच टॉवरवर राहणे ही तर उघड बचत आहे. एकाच गावात शंभर मीटरवर दोन मनोरे उभे असतील, तर त्यातला एक केवळ हट्टापायी उभा आहे असे समजावे.

आता जेथे करू नये ते. सत्तरीतील डोंगरउतारावरच्या एका साइटचे उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या डोळ्यांसमोरचे आहे. मंदीचे कारण सांगून देखभालीच्या फेऱ्या महिन्याला एक होत्या त्या तिमाहीला एक करण्यात आल्या. कागदावर ती कपात सुबक दिसत होती. मे महिन्याच्या अखेरीस पहिला वळवाचा पाऊस आला, वाटेवर फणसाचे झाड वीजवाहिनीवर पडले आणि साइट बॅटरीवर गेली. बॅटरी चार तास टिकायला हवी होती, ती चाळीस मिनिटांत बसली. मग जनरेटरने आपोआप सुरू व्हायचे, तर त्याची स्टार्टर बॅटरी मेलेली आणि तिच्या टोकांवर हिरवट बुरशीसारखा थर चढलेला. टाकीत डिझेल होते, पण तळाशी पाणी साचलेले. वाळपईहून माणूस निघाला तो रस्त्यातल्या दुसऱ्या पडझडीत अडकला. दोन दिवस आसपासच्या वाड्यांना रेंज नव्हती. पुढच्या महिन्यात त्या भागातून क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेणाऱ्यांची रांग लागली. वाचवलेल्या फेऱ्यांचा खर्च आणि गमावलेल्या ग्राहकांचा महसूल यांची तुलना नंतर कोणीही मांडली नाही, कारण एक आकडा देखभाल विभागात होता आणि दुसरा विक्री विभागात.

गोव्यात पावसाळा चार महिने असतो, किनाऱ्यावर खारे वारे बारा महिने असतात आणि लोखंड दोन्हींना घाबरते. अर्थिंगची पट्टी, अँटेनाचे बोल्ट, केबलच्या जोडाचे वेष्टण आणि बॅटरीची चाचणी ही कामे एप्रिल-मेमध्ये झालीच पाहिजेत, मग ताळेबंद कसाही असो.

टॉवर विकून पैसा उभा करणे योग्य आहे का?

आज रोख रक्कम हाती येते आणि उद्यापासून भाडे सुरू होते, हे त्या व्यवहाराचे सार आहे. भाड्यात दरवर्षी ठरावीक वाढ असते आणि करार दीर्घ मुदतीचे असतात. विकून आलेला पैसा महागडे कर्ज फेडण्यासाठी गेला तर सौदा बरा म्हणावा. तो लाभांशात किंवा पुढच्या लिलावात गेला, तर घर विकून हॉटेलात राहिल्यासारखे होते.

टॉवर कंपनीच्या बाजूनेही धोका असतो. भारती इन्फ्राटेल आणि इंडस टॉवर्स यांचे विलीनीकरण नोव्हेंबर २०२० मध्ये झाले. गिऱ्हाईक मोजकीच असल्यामुळे त्यांतील एकाने पैसे थकवले की टॉवर कंपनीचाही श्वास अडकतो. २०२२-२३ मध्ये इंडसला बुडीत येण्यांसाठी (न मिळणाऱ्या पैशांसाठी) मोठी तरतूद करावी लागली, ती याच कारणाने.

कर्मचारी कपातीने प्रश्न सुटतो का?

काही अंशी. बीएसएनएलच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत ७८ हजारांहून अधिक कर्मचारी ३१ जानेवारी २०२० रोजी एकाच दिवशी बाहेर पडले आणि वेतनाचा बोजा जवळपास निम्म्यावर आला. सरकारने अनेक टप्प्यांत मोठी मदत केल्यावर २०२४-२५ च्या तिसऱ्या तिमाहीत कंपनीने २६२ कोटी रुपयांचा नफा दाखवला, जो २००७ नंतरचा पहिला होता. पण कोणत्या रस्त्याखाली कोणता जोड आहे हे नकाशावर नव्हते, लाइनमनच्या डोक्यात होते. रस्ता रुंदीकरणात केबल तुटली की ती कोठे तुटली हे शोधण्यात जो दिवस जातो, तो त्या निवृत्त माणसाला विचारले असते तर अर्ध्या तासाचा असता. कपात करायचीच असेल तर आधी ही माहिती लिहून घ्यावी, आणि कार्यालयातील थर कमी करावेत, साइटवर जाणारी माणसे ठेवावीत.

गोव्यासाठी काही वेगळे धोरण लागते का?

लागते, पण ते आखण्याचा अधिकार बहुधा गोव्यात नसतो. दूरसंचाराच्या नकाशावर गोवा हे स्वतंत्र परिमंडळ नाही. मुंबई वगळून महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक परवाना क्षेत्र आहे. त्यामुळे मंदीत खर्चाची यादी छाटली जाते तेव्हा काणकोणमधील साइट मराठवाड्यातील आणि विदर्भातील साइटच्या रांगेत उभी राहते.

गोव्याचे गणित मात्र निराळे आहे. क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास, पण डिसेंबरअखेरीस कळंगुट-बागा पट्ट्यात जो भार येतो तो एखाद्या मोठ्या शहराचा असतो. जूनमध्ये त्याच पट्ट्यात शॅकचे सांगाडेही उरलेले नसतात. म्हणजे गोव्यात दरवर्षी एक लहानशी मंदी ठरल्या वेळी येतेच, आणि किनाऱ्यावरील धंदेवाईक तिला 'ऑफ सीझन' म्हणून ओळखतात. कायमचे मोठे मनोरे उभारण्यापेक्षा हंगामापुरते चाकांवरचे टॉवर आणणे, जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियर यांचे शवप्रदर्शन किंवा इफ्फी या चित्रपट महोत्सवासारख्या प्रसंगी तात्पुरती क्षमता वाढवणे, आणि ती पावसाळ्यात दुसरीकडे हलवणे हे इथे जमते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा किनाऱ्यावरची क्षमता ओस पडली आणि सत्तरी-सांग्याच्या गावांत ऑनलाइन वर्गांसाठी मुलांना रेंज शोधत टेकडीवर चढावे लागले. क्षमता चुकीच्या जागी होती.

टॉवरला गावकऱ्यांचा विरोध हाही इथला नेहमीचा विषय आहे. ग्रामसभेत ठराव होतो, काम अडते आणि आणलेली उपकरणे गोदामात पडून राहतात. मंदीत अशी अडकलेली रक्कम परवडत नाही. मार्गाधिकाराचे, म्हणजे टॉवर आणि तारांसाठी जागा वापरण्याच्या परवानगीचे, नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले असले, तरी गावाशी आधी बोलणे हे नियमापेक्षा स्वस्त पडते.

मंदीत फाइव्ह-जीसारखी नवी गुंतवणूक थांबवावी का?

सरसकट थांबवू नये, क्रम बदलावा. जुलै-ऑगस्ट २०२२ च्या लिलावात सुमारे १.५ लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या. जून २०२४ च्या लिलावात सरकारला सुमारे ११,३४१ कोटी रुपयेच मिळाले. गरजेपुरते घेऊन उठणे कंपन्या शिकल्या, असे यावरून म्हणता येते. टॉवरपर्यंत फायबर पोहोचवणे चालू ठेवावे, कारण त्याचा उपयोग प्रत्येक पिढीला होतो. नव्या जागी नवा टॉवर मात्र वर्षभर थांबू शकतो.

ग्राहकाने या काळात काय करावे?

दुसऱ्या सिमची गरज आहे का ते पाहावे. डेटा नको असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी केवळ बोलणे आणि संदेश यांचे पॅक घ्यावे. ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशामुळे कंपन्यांना ते ठेवावे लागते.

गोव्यातील लहान इंटरनेट सेवादार आणि केबलवाले यांनी काय करावे?

त्यांचा प्रश्न स्पेक्ट्रमचा नसतो, वसुलीचा असतो. गेस्ट हाऊसवाला मे महिन्यात फोन करून सांगतो की खोल्या रिकाम्या आहेत, जोडणी काढून न्या. जोडणी काढायला माणूस, ऑक्टोबरमध्ये परत लावायला माणूस, आणि मधल्या काळात तो ग्राहक दुसऱ्याकडे गेलेला. त्याऐवजी जून ते सप्टेंबर या काळासाठी कमी वेगाचा, एक चतुर्थांश दराचा करार ठेवावा आणि राउटर तिथेच राहू द्यावा. आगाऊ वार्षिक रक्कम भरणाऱ्यास सूट द्यावी, कारण ती रोख रक्कम बँकेच्या ओव्हरड्राफ्टपेक्षा स्वस्त असते. वरून घेतलेल्या बँडविड्थचा करारही हंगामाप्रमाणे वरखाली होईल असा मागून घ्यावा; मागितल्याशिवाय तो कोणी देत नाही. आणि विजेच्या खांबांवरून नेलेल्या तारांचे भाडे व परवानगी वेळेत नूतनीकृत करून ठेवावी, नाहीतर पावसाळ्याआधी फांद्या छाटायला आलेली माणसे तार कोणाची हे न विचारता कापून जातात.